दात दाखव, वय सांगतो

सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी सुरू झाली. कागदोपत्री ती सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, पण गावाच्या तोंडी कायम ‘जुनी मिल’. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी अशा गिरण्या आल्या आणि त्यांच्या भोंग्यांवर शहराची झोपजाग ठरू लागली. कताईखात्यात भरलेल्या बाबिणी काढून रिकाम्या चढवायला चपळ, छोट्या हातांची पोरं लागत. ती स्वस्तही पडत.

पोर किती वर्षांचं असलं म्हणजे त्याला कामाला लावावं? १८८१ च्या पहिल्या फॅक्टरी कायद्याने उत्तर दिलं: सात. सात ते बारा वयाच्या मुलांनी जास्तीत जास्त नऊ तास काम करावं. आज पहिलीच्या वर्गात बसायचं ते वय! १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, तर १९२२ मध्ये बारा.

कायदा बोलायचा वर्षांत आणि माणसं बोलायची आठवणींत. ‘प्लेगच्या साली झाला’, ‘मोठ्या दुष्काळात दूध तुटलं’, हाच आईचा हिशोब. गावाकडून पोटासाठी आलेल्या कुटुंबाकडे जन्माचा दाखला कुठून असणार? मग सरकारी डॉक्टर पोराला समोर उभं करून अंगलोट बघायचा, तोंड उघडायला लावायचा आणि वयाचा अंदाज बांधायचा.

युक्ती विलायतेची. तिथल्या १८३३ च्या कायद्याने नऊ वर्षांखालच्या मुलांना कापडगिरण्यांत बंदी केली, पण वय लपवणं सोपं होतं. १८३७ साली एडविन साँडर्स या दंतवैद्याने हजारावर मुलांचे दात तपासून दाखवलं, की वयाचा अंदाज उंचीपेक्षा दातांवरून अधिक नेमका लागतो. साधारण सहाव्या वर्षी पहिली कायमची दाढ येते, पुढचे दुधाचे दात पडू लागतात. बाराव्याच्या आसपास दुसरी दाढ फुटते.

सोलापूरसारख्या अवर्षणी जिल्ह्यात तर ही कसोटी जास्तच कामाची. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांतली पिढी उपासमारीत वाढली. पोट भरलं नाही की उंची आणि वजन पटकन खुंटतं. दात मात्र त्या मानाने आपल्या वेळेला येतात. दहा वर्षांचं पोर आठाचं दिसेल, पण त्याचं तोंड दहाचं असेल. तरी ही कसोटी बिनचूक नव्हेच. मुलींच्या दाढा मुलांपेक्षा लवकर फुटतात, आणि एकाच घरातल्या दोन भावांतही वर्षभराचा फरक पडू शकतो. ज्या मुलीची दाढ लवकर आली, तिच्या वाट्याला कामही लवकर आलं. शरीराचा वेग बालपणाचा शत्रू ठरावा, ही या व्यवस्थेतली सर्वांत खटकणारी गोष्ट.

१९३४ च्या कायद्याने १५ ते १७ वयाचा वेगळा किशोर गट मानला. १९४८ मध्ये कारखान्यांसाठी किमान वय १४ झालं. घरात वळल्या जाणाऱ्या विडीपर्यंत मात्र कायद्याचा हात पोचला नाही: १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडीकामाला बंदी घातली, पण कुटुंबाच्या मदतीने चालणारं काम त्यातून वगळलं. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायांची संख्या मोठी, त्यामुळे ही पळवाट इथे फारच रुंद होती.

आता २०१५ च्या बाल न्याय कायद्यात वय ठरवण्याचा क्रम पक्का आहे. आधी शाळेचा किंवा परीक्षा मंडळाचा दाखला, तो नसेल तर पालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय तपासणी.