पॉइंटिंग स्टिक व टचपॅड

लॅपटॉप संगणकाच्या कळफलकात मध्यभागी बसविलेली व पडद्यावरील कर्सर हलविण्यासाठी वापरली जाणारी आखूड दांडी म्हणजे पॉइंटिंग स्टिक होय. इंग्रजी कळफलकावर ती जी, एच व बी या तीन कळांच्या बेचक्यात असते. भारतीय भाषांसाठी ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत याच कळांवर अनुक्रमे उकार, ‘प’ आणि ‘व’ येतात. दांडीच्या टोकावर रबराची, बहुधा तांबडी, टोपी असते. टचपॅड हा त्याच कामासाठी कळफलकाच्या खालच्या बाजूस, दोन्ही तळहातांच्या मधोमध बसविलेला सपाट स्पर्शपट्ट होय. बहुसंख्य लॅपटॉपांत केवळ टचपॅड आढळतो. तथापि ज्यांचे काम मुख्यतः लेखनाचे आहे, अशांपैकी एक लहान वर्ग पॉइंटिंग स्टिकच पसंत करीत आला आहे. या पसंतीचे मूळ संगणकापेक्षा जुन्या अशा टंकलेखनाच्या शिस्तीत आहे.

टंकलेखनाची परंपरा : क्रिस्टोफर लॅथम शोल्स (१८१९–९०) व त्यांचे सहकारी यांना अमेरिकेत १८६८ मध्ये टंकलेखन यंत्राचे एकस्व मिळाले व १८७४ मध्ये रेमिंग्टन कंपनीचे यंत्र बाजारात आले. आरंभी टंकलेखक कळांकडे पाहून मोजक्या बोटांनी काम करीत. २५ जुलै १८८८ रोजी सिनसिनाटी येथे झालेल्या स्पर्धेत फ्रँक मॅकगरिन या न्यायालयीन लघुलेखकाने कळफलकाकडे न पाहता टंकलेखन करून प्रतिस्पर्ध्यावर मात केली. या विजयामुळे त्या पद्धतीस मोठी प्रसिद्धी मिळाली. तीत बोटे मधल्या ओळीवर स्थिर ठेवतात, प्रत्येक कळ ठराविक बोटाने दाबून बोट पुन्हा मूळ जागी आणतात आणि नजर मजकुरावर राहते. आजच्या कळफलकावर दोन्ही तर्जनींच्या कळांवर जो बारीक उंचवटा असतो, तो याच शिस्तीची खूण होय.

भारतात गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ मध्ये टंकलेखन यंत्रांचे उत्पादन सुरू केले. तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचलेल्या टंकलेखन संस्थांनी ही शिस्त महाराष्ट्रात रुजविली. लिपिक-टंकलेखक पदासाठी मिनिटास मराठीचे ३० किंवा इंग्रजीचे ४० शब्द या वेगाचे प्रमाणपत्र आवश्यक ठरल्याने ग्रामीण तरुणांस हे कौशल्य नोकरीचे एक प्रवेशद्वार झाले.

माऊस : डग्लस एंगेलबार्ट (१९२५–२०१३) यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत १९६४ च्या सुमारास पहिला माऊस तयार केला व ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. तत्पूर्वीच्या तुलनात्मक प्रयोगांत प्रकाशलेखणी व जॉयस्टिक यांबरोबरच टेबलाखाली बसविलेले, गुडघ्याने चालविण्याचे एक साधनही तपासण्यात आले होते. त्यात दोन्ही हात कळफलकावरच राहत आणि नवख्या व्यक्तींस ते चांगले साधले. सरावलेल्यांच्या हाती मात्र माऊस सरस ठरला व पुढे तोच रूढ झाला. त्याबरोबर टंकलेखकापुढे एक नवी अडचण उभी राहिली : कर्सर हलविण्यासाठी एक हात कळफलक सोडून बाजूला नेणे व परत येऊन बोटांची जागा पुन्हा शोधणे.

पॉइंटिंग स्टिकचा शोध : हात कळफलकावरून माऊसकडे नेण्यास सुमारे ०.७५ सेकंद लागतो आणि परत येण्यासही जवळजवळ तेवढाच वेळ जातो, असे एका अभ्यासात आढळले होते. ते वाचून अमेरिकन संशोधक टेड सेल्कर यांनी १९८४ मध्ये हा वेळ वाचविणाऱ्या साधनाचा विचार सुरू केला. पुढे आयबीएम कंपनीत जोसेफ रटलेज यांच्या सहकार्याने त्यांनी अनेक नमुने करून पाहिले. ऑक्टोबर १९९२ मध्ये आयबीएमच्या थिंकपॅड ७००सी या लॅपटॉपात ही दांडी ‘ट्रॅकपॉइंट’ या नावाने प्रथम आली. थिंकपॅडचे आरेखनकार रिचर्ड सापर (१९३२–२०१५) यांनी काळ्या यंत्रावर एकच तांबडा ठिपका ठेवला व तो या साधनाची ओळख बनला.

रचना व कार्य : ही दांडी जवळजवळ हलतच नाही. तिच्या बुडाशी असलेल्या विकृतिमापकांवर बोटाचा दाब पडला की त्यांच्या विद्युत् रोधात सूक्ष्म फरक होतो व त्यावरून दाबाची दिशा आणि मात्रा कळते. दाब जितका अधिक, तितका कर्सरचा वेग अधिक. दाब काढताच कर्सर थांबतो. दाब व वेग यांचे प्रमाण सरळ ठेवलेले नसते. हलक्या दाबास कर्सर संथ चालतो, त्यामुळे बारीक लक्ष्य गाठता येते. दांडी तर्जनीने ढकलायची व कळफलकाखालील बटणे अंगठ्याने दाबायची, अशी योजना असल्याने बाकीची बोटे मधल्या ओळीवरून ढळत नाहीत.

टचपॅडची वाटचाल : जॉर्ज गर्पहाइड यांनी १९८८ च्या सुमारास बोटाच्या सान्निध्याने विद्युत् धारितेत होणाऱ्या बदलावर चालणारा पट्ट विकसित केला. ॲपल कंपनीने १९९४ मध्ये पॉवरबुक ५०० या लॅपटॉपांत तो आणला. तत्पूर्वीच्या लॅपटॉपांत फिरता गोळा असे व त्यात धूळ साचे. टचपॅडात हलणारा भागच नव्हता. बोट सरकेल तसा कर्सर सरकतो, हे शिकवावे लागत नाही. २००७ नंतर स्पर्शपडद्याचे दूरध्वनी सर्वत्र पसरले, दोन बोटांनी मजकूर सरकविण्याची सवय सार्वत्रिक झाली आणि टचपॅडही आकाराने वाढत गेला.

तुलना : केवळ लक्ष्यावर नेम धरण्याच्या कामात माऊस या दोहोंपेक्षा सरस आहे. पॉइंटिंग स्टिकला सरावाचे काही दिवस द्यावे लागतात, दीर्घ वापराने तर्जनी शिणते, टोपी झिजते आणि कधी कधी बोट उचलल्यावरही कर्सर आपोआप सरकत राहतो. चित्रकाम किंवा वाचन करणाऱ्यास टचपॅड अधिक सोयीचा वाटतो. परंतु लेखन व दुरुस्ती आलटून-पालटून करावयाची असल्यास चित्र बदलते. टचपॅड माऊसहून जवळ असला, तरी बोटांस मधली ओळ सोडावीच लागते. शिवाय लिहिताना तळहात चुकून पट्टास लागल्यास कर्सर भलत्याच ओळीवर जाऊ शकतो. हा दोष आज्ञावलीच्या साहाय्याने पुष्कळ कमी झाला आहे, पूर्णपणे गेलेला नाही. जाण्या-येण्याचा वेळ दीड सेकंद धरला व दिवसातून असे ४०० वेळा घडले असे मानले, तर दहा मिनिटे जातात. अनुभवी टंकलेखकाच्या दृष्टीने या वेळेपेक्षाही तुटलेली लय महत्त्वाची असते.

मराठी लेखनात ही बाब अधिक ठळक होते. १९८० नंतरच्या दशकात सिद्ध झालेल्या इन्स्क्रिप्ट मांडणीत स्वर व मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. अक्षर व मात्रा यांमुळे दोन्ही हात एकामागून एक चालतात. उजवा हात कर्सरसाठी बाजूला गेला, की लेखन जवळजवळ थांबते.

हवामानाचाही प्रश्न आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, करूळ व भुईबावडा घाटांच्या माथ्यावर वसलेले गगनबावडा हे राज्यातील अतिवृष्टीच्या ठिकाणांपैकी एक असून पावसाळ्यात तेथे धुके व दमटपणा सतत असतो. अशा ठिकाणी ओलसर बोट किंवा पट्टावर पडलेला पाण्याचा थेंब धारितेत बदल घडवितो व कर्सर उड्या मारू लागतो. पॉइंटिंग स्टिक केवळ दाब ओळखत असल्याने तिच्यावर या ओलाव्याचा तसा परिणाम होत नाही. अर्थात पाण्यापासून यंत्र जपावे लागते, ते दोन्ही बाबतींत सारखेच.

प्रसार व ऱ्हास : डेल, एचपी, तोशिबा इ. कंपन्यांनीही आपल्या काही लॅपटॉपांत अशी दांडी दिली होती. कालांतराने ती बहुतेक ठिकाणी वगळण्यात आली. आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा व्यवसाय २००५ मध्ये लेनोव्हो कंपनीकडे गेला व थिंकपॅड मालिकेत ट्रॅकपॉइंट कायम राहिला. २०१३ मध्ये त्याची स्वतंत्र बटणे काढून ती टचपॅडातच सामावण्यात आली. तेव्हा वापरकर्त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली व २०१५ च्या नमुन्यांत बटणे परत आली. जानेवारी २०२५ मध्ये जाहीर झालेल्या थिंकपॅड एक्स ९ मध्ये मात्र ट्रॅकपॉइंट नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ : गोदरेजच्या टंकलेखन यंत्रांचे उत्पादन २००९ मध्ये थांबले व महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या टंकलेखन परीक्षा पुढे संगणकावर होऊ लागल्या. याच काळात महसुली अभिलेखांचे संगणकीकरण झाले; १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारा उतारे मिळू लागले. तलाठ्याच्या (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) कामात फेरफाराची नोंद ही नावे, गट क्रमांक व क्षेत्र अशा लहान लहान रकान्यांत भरावी लागते. त्यात लेखन व कर्सरची हालचाल सतत एकमेकांत गुंतलेली असतात आणि एखादे अक्षर वा आकडा भलत्या रकान्यात पडला, तर खातेदारास दुरुस्तीसाठी हेलपाटे घालावे लागतात. टॅब कळीने पुढील रकान्यात जाण्याची सोय असली, तरी ती सर्व ठिकाणी पुरी पडत नाही. अशा कामास पॉइंटिंग स्टिक अनुरूप आहे. परंतु लॅपटॉपाची निवड सामान्यतः किंमत व उपलब्धता यांवर होते, लिहिणाऱ्याच्या हाताच्या सवयीवर क्वचितच. परिणामी कळफलकाकडे न पाहता, बोटे जागेवर ठेवून लिहिण्याचे शिक्षण ज्यांनी घेतले आहे, त्यांच्या हाती बहुधा ती शिस्त गृहीत न धरणारे यंत्रच येते.