अथेन्स ते मॅरेथॉन, सायकलवरून

१२ एप्रिल १८९६

अथेन्स : पहिल्या आधुनिक ऑलिंपिकमधली रस्त्यावरची सायकल शर्यत या दिवशी ग्रीसच्या अरिस्टिडिस कॉन्स्टँटिनिडिसने जिंकली. (ग्रीसच्या तेव्हाच्या जुन्या पंचांगात ही तारीख ३१ मार्च होती.) अथेन्सहून मॅरेथॉनला जाऊन परत, एकूण ८७ किलोमीटर. मॅरेथॉनला पोहोचल्याची खूण म्हणून तिथल्या कागदावर सही करायची आणि माघारी फिरायचे. परतीच्या वाटेवर त्याची सायकल मोडली. तो दुसरीवर बसला, पुन्हा पडला, पुन्हा उठला. ३ तास २२ मिनिटे ३१ सेकंदांनी तो फालिरोच्या सायकल मैदानात शिरला. जर्मनीचा ऑगस्ट फॉन गोड्रिच सुमारे वीस मिनिटांनी आला. तिसरा आलेला इंग्रज एडवर्ड बॅटेल अथेन्समधल्या ब्रिटिश वकिलातीत नोकर होता.

विजेत्याला तेव्हा सुवर्णपदक नव्हते. रौप्यपदक आणि ऑलिव्हची फांदी मिळे.

या शर्यतीचे मोल आज अधिक जाणवते. रस्त्यावरची सायकल शर्यत ऑलिंपिकमध्ये परतली ती थेट १९१२मध्ये, स्टॉकहोमला. महिलांना ती खुली व्हायला १९८४ उजाडले. आज सायकलपटूचे चाक बसले की मागच्या गाडीतून दुसरी सायकल काही क्षणांत हातात येते. कॉन्स्टँटिनिडिसच्या मागे अशी गाडी नव्हती. खडबडीत रस्ता, धूळ, मिळाली ती सायकल आणि खरचटलेले अंग घेऊन तो पायडल मारत राहिला. या शर्यतीच्या दोनच दिवस आधी याच मॅरेथॉनहून धावत येऊन शर्यत जिंकलेल्या स्पिरिडॉन लुईसचे नाव जगाच्या ओठांवर आहे. कॉन्स्टँटिनिडिसचे नावही तिथेच, त्याच्या शेजारी घ्यायला हवे.