विवाहातील गान व वाद्य : वऱ्हाडातील एक जुना पुरावा

लग्नसराई जवळ आली की चांदूर रेल्वे येथील दोनचार यजमान तरी आमच्याकडे एक प्रश्न घेऊन येतात : मांडवात सनई-चौघडा बसवावा, की वरातीचा बँडच स्वागतसमारंभापर्यंत ठेवावा? आम्ही संस्कृत शिकविलेले. तेव्हा शास्त्राधार आम्ही सांगावा, अशी त्यांची अपेक्षा. शास्त्राधार थोडा आहे, आणि आहे तोही यजमानास फारसा साह्यकारी नाही. जनपदधर्म व ग्रामधर्म नाना प्रकारचे असतात, ते विवाहात पाळावे, असा आशय आश्वलायन गृह्यसूत्रात आहे. म्हणजे सूत्रकारानेच हा प्रश्न गावाच्या हवाली केला. गावाने पूर्वी काय केले, हे पाहणे मग ओघानेच आले.

या कामी पहिला साक्षी कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा. त्याच्या 'मानसोल्लास' ग्रंथात (शके 1051, म्हणजे इ. स. 1129) कोणते गीत कोठे योजावे याची व्यवस्था लावलेली आहे. महाराष्ट्रातील स्त्रियांनी कांडताना ओवी गावी, उत्सवात मंगल, आणि विवाहात धवल. पुढे देवगिरीस यादव सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'च्या प्रबंधाध्यायात धवलाचे कीर्ती, विजय व विक्रम असे तीन भेद दिले. तथापि लक्षणग्रंथातील नाव हे लोकांच्या गळ्यात होतेच असे नव्हे. पंडित पुष्कळदा जुन्या याद्या उतरून घेतात, हा अनुभव हस्तलिखिते चाळणाऱ्यास सांगावयास नको.

ही शंका रिद्धपूर दूर करते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे श्रीगोविंदप्रभूंच्या विवाहाचा प्रसंग भक्तांनी मांडला, तेव्हा महदंबेने धवळे गायिले. विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. रुक्मिणीचे माहेर म्हणून मानलेले कौंडिण्यपूर वर्धेच्या काठी, आमच्याच जिल्ह्यात. जो प्रकार राजाच्या ग्रंथात विवाहास नेमलेला, तोच दीडशे वर्षांनी वऱ्हाडातील एका गावी विवाहप्रसंगी एका स्त्रीने प्रत्यक्ष गायिला, याहून चोख जुळणी कोणती हवी? महदंबेस आद्य मराठी कवयित्री म्हणून पाठ्यपुस्तकांत मान मिळाला हे योग्यच झाले. परंतु त्यामुळे धवळे वाचावयाचे काव्य ठरले, आणि ते मुळात लग्नाचे गाणे होय ही गोष्ट मागे पडली. त्याच विषयावर नरेंद्राचे 'रुक्मिणीस्वयंवर' शके 1214 च्या सुमाराचे. ते मात्र पंडिती आख्यान आहे, मांडवातले गाणे नव्हे.

येथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. हा पुरावा कंठगानाचा आहे. त्यावरून वाद्यांविषयी काही ठरविता येत नाही. वाद्याचा धागा गावगाड्यात शोधावा लागतो. सनई, सूर, संबळ, डफडे वाजविणे हे मोलाने ठरविलेले काम नसून हक्क व चाकरी असे. कोठे ते गुरवाकडे, कोठे मांगाकडे. ज्याच्या वाद्यावाचून मुहूर्त साजरा होत नसे, त्या मांग वाजंत्र्यास मांडवात जागा नसे, हेही येथेच नमूद केले पाहिजे. जुन्या प्रथेचे गोडवे गाणारे हा भाग सोयीने गाळतात. बँड हा अलीकडचा, पलटणींच्या वाद्यवृंदाच्या वळणाचा. कामठीची छावणी 1821 ची आणि नागपूरपर्यंतचा लोहमार्ग 1867 चा, इतके सांगितले म्हणजे त्याच्या वयाची कल्पना येईल.

यजमानांस आम्ही सांगतो ते एवढेच : प्रत्येक वेळेचे वाद्य निराळे होते. हळदीला बायकांचे गाणे, त्यास वाद्याची साथ लागत नसे. मंगलाष्टके चालू असता वाजंत्री स्तब्ध. अंतरपाट दूर झाला की मग वाजविण्याची खूण. वरातीत मोठा नाद. गोंधळास संबळ व तुणतुणे. सारा दिवस एकच ताफा वाजत ठेवला, तर ती स्तब्धता नाहीशी होते, आणि हळदीचे गाणे तर ऐकूच येत नाही. डी. जे. आल्यापासून ते गाणाऱ्या बायकांनीही तोंड उघडणे सोडले आहे.

धवळे वाचले ते महानुभाव मठांतील पोथ्यांमुळे. सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत ते वाङ्मय कोंडलेले होते. राजवाड्यांनी किल्ली लावीपर्यंत बाहेरच्यांस ते अगम्यच होते. तरी पोथी होती म्हणून उलगडा झाला. घरोघरच्या हळदीच्या गाण्यांस अशी पोथी नाही. आमच्या आत्याबाईंनी सांगितलेली अशी एकवीस गाणी एका वहीत उतरलेली आमच्यापाशी आहेत. त्यांत ठिकठिकाणी कोरी जागा सोडली आहे. विचारता त्या म्हणाल्या, "तेथे नवरीचे नाव येते, आजच काय लिहू?"