खुलताबादची रिकामी कबर

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळला जाताना वाटेत खुलताबाद लागते. औरंगजेबाची साधी कबर पाहून बहुतेक प्रवासी पुढे जातात. त्याच परिसरात तुर्की धाटणीचा एक मकबरा आहे. त्याकडे फारसे कोणी फिरकत नाही. शेवटचा उस्मानी खलिफा दुसरा अब्दुलमजीद याच्यासाठी तो बांधला गेला. आत मात्र कोणीही पुरलेले नाही. पहिल्या महायुद्धाचा आमच्या मुलुखाशी काय संबंध, असे विचारणाऱ्यांना आम्ही प्रथम तिथे नेऊ.

१९१४ साली हे शहर निजामाच्या राज्यात होते. त्या नोव्हेंबरात इस्तंबूलहून खलिफाच्या नावे जिहादचा पुकारा झाला आणि इंग्रजांच्या चाकरीतील मुसलमान शिपायांपुढे पेच उभा राहिला. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. त्यांचे लान्सर घोडदळ सुवेझ आणि पॅलेस्टाइनच्या आघाडीवर त्याच खलिफाच्या फौजेविरुद्ध उभे राहिले. १९१८ साली निजामांना 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' ही पदवी मिळाली.

दुसरी आघाडी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होती. तिथे लढणाऱ्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ मध्ये जनरल टाउनशेंडची ही फौज बगदादच्या अलीकडे टेसिफॉनपाशी अडली, मागे हटली आणि टायग्रिसच्या वळणावरील कूत येथे कोंडली गेली. वेढा १४७ दिवस चालला. घोड्याचे मांस खायला बहुतेक हिंदी शिपाई धर्मामुळे दीर्घकाळ तयार नव्हते. पिठाचा शिधा घटत गेला, स्कर्व्हीने माणसे खंगली. त्यांना सोडवायला निघालेल्या फौजेचे सुमारे २३,००० लोक मेले वा जखमी झाले. अखेर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जणांनी शरणागती पत्करली. पुढे कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत हजारो मेले. टाउनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला.

या शिपायांचे तुर्कांशी वैर नव्हते. वैर दोन साम्राज्यांचे होते, आणि तेलाच्या व हिंदुस्थानच्या वाटेचे होते. बसऱ्याच्या स्मारकावर इंग्रज शिपायांची नावे कोरली गेली; साध्या हिंदी शिपायांची फक्त संख्या.

१९२४ साली खिलाफत रद्द झाली. परागंदा खलिफाला निर्वाहवेतन दिले ते याच निजामांनी, आणि १९३१ साली त्याची मुलगी आपली सून करून आणली. १९४४ साली खलिफा पॅरिसमध्ये वारला. तोवर खुलताबादला मकबरा ठरला होता, पण १९४८ साली निजामाचे राज्य गेले आणि १९५४ साली दफन मदिनेत झाले.

राजे एकमेकांचे व्याही झाले. कूतला गेलेल्यांच्या घरी काय पोचले, हे विचारणे आमच्या इतिहासाकडून राहूनच गेले आहे.