मचूळ पाण्याचा माग : आयन मीटरची कुळकथा

वसईकडच्या आगाशीच्या वाड्यांमध्ये विहिरीचं पाणी पारखायला पूर्वी कुणी यंत्र आणत नसे. घोटभर पाणी तोंडात घोळवायचं, थुंकायचं आणि सांगून टाकायचं : गोडं आहे, मचूळ आहे, की पार खारं झालंय. जिभेवर भरवसा नसला तर झाडं साक्षीला असत. नारळ खारं पाणी बऱ्यापैकी पचवतो. केळ आणि पानवेल मात्र नाजूक. केळीच्या पानांच्या कडा करपू लागल्या की वाडीवाला काय ते समजून जाई. आगाशीच्या सुकेळ्यांची तारीफ इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरातही आहे. ती केळी याच विहिरींच्या पाण्यावर पोसलेली.

ही परीक्षा खोटी नव्हती, फक्त उशिराची होती. पाण्यात क्लोराइड लिटरला 250 मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की जीभ कुरकुरू लागते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली इष्ट मर्यादाही तीच. दुसरं पाणीच नसेल तर 1000 पर्यंत मुभा. समुद्राच्या पाण्यात हेच क्लोराइड लिटरला साधारण 19,000 मिलिग्रॅम असतं. म्हणजे विहिरीच्या शंभर तांब्यांत समुद्राचा एखादा तांब्या मिसळेपर्यंत जिभेला पत्ता लागत नाही. चाळीसचे ऐंशी झाले, ऐंशीचे दीडशे झाले, तरी तिला सगळं सारखंच. आणि काही करता येण्याजोगं असतं ते तेव्हाच.

किनाऱ्यालगत जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून खाऱ्यावर तरंगत असतं. याचा हिशेब पहिल्यांदा मांडला तो 1888-89 च्या सुमारास बाडोन खायबेन या डच लष्करी अभियंत्याने, अ‍ॅमस्टरडॅमजवळच्या विहिरींसाठी. पुढे 1901 मध्ये हेर्त्सबर्ग या जर्मन अभियंत्यानेही एका बेटावरच्या पाण्यासाठी तोच हिशेब स्वतंत्रपणे प्रसिद्ध केला. भूजलाची पातळी समुद्रसपाटीच्या वर एक मीटर असेल तर सपाटीखाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी सापडतं. हेच उलटं वाचून बघा. पंपाने पातळी एक मीटर उतरवली की खाऱ्याला 40 मीटर वर सरकायची वाट मोकळी. प्रत्यक्षात रेती, खडक आणि जाणारा काळ यांमुळे गणित इतकं सरळ सुटत नाही, पण दिशा हीच. बैल जुंपलेला रहाट उपसून उपसून किती उपसणार? शिवाय बैल दमतो, पंप दमत नाही. वसईच्या पट्ट्यात जागोजाग खणलेली बावखलं पावसाचं पाणी साठवून जमिनीत मुरवत आणि खाऱ्याला खाली दाबून ठेवत. त्यांतली बरीच बुजली. मग विहिरींचं पाणी उपसून नेणारे टँकर आले. 1980 च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, तिच्या लढ्यात बांधकामांइतकाच विहिरींच्या उपशाचा प्रश्न होता. अशा वादात समोरचा म्हणाला की इथलं पाणी पूर्वीपासूनच मचूळ होतं, तर जिभेपाशी उत्तर नसतं. आकडा लागतो, आणि त्याच्याबरोबर तारीख.

तो आकडा देणारं यंत्र म्हणजे आयन मीटर : टेबलावर मावणारी पेटी, तिला जोडलेले दोन इलेक्ट्रोड, आणि बीकरभर पाणी. त्याच्या कुळात दोन घराणी एकत्र आली आहेत, एक चांदीचं आणि एक काचेचं.

चांदीचं घराणं थोरलं. कार्ल फ्रीडरिश मोहर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने 1856 मध्ये दिलेली पद्धत रसायनशास्त्र घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेली असते. पाण्यात चिमूटभर पोटॅशियम क्रोमेट घालून ब्युरेटमधून सिल्व्हर नायट्रेट थेंबथेंब सोडायचं. चांदीला क्लोराइडची भारी ओढ. जोवर क्लोराइड शिल्लक आहे तोवर पांढरा साका पडत राहतो. ते संपलं की चांदी क्रोमेटकडे वळते आणि पिवळं पाणी विटकरी होतं. किती मिलिलिटर लागलं, त्यावरून क्लोराइड काढायचं. मला विचाराल तर एखाददुसऱ्या विहिरीसाठी मीटरच्या नादी लागूच नये, मोहरची ब्युरेट पुरे. मीटरची गरज पडते ती रोज डझनावारी नमुने असतात तेव्हा, किंवा पाणी इतकं गढूळ असतं की रंग पालटल्याचं दिसत नाही तेव्हा.

चांदीच्या या ओढीचं विजेत रूपांतर होतं. चांदीच्या तारेवर सिल्व्हर क्लोराइडचा थर चढवून ती पाण्यात बुडवली की क्लोराइडच्या प्रमाणानुसार तिच्यावर व्होल्टेज उमटतं. किती, ते सांगणारं समीकरण वाल्थर नेर्न्स्टने 1889 मध्ये मांडलं. त्याचं सार एवढंच की प्रमाण दहापट झालं की व्होल्टेज एक ठरावीक पायरी सरकतं. क्लोराइडसारख्या एकाच भाराच्या आयनासाठी 25 अंश सेल्सियसला ही पायरी 59.16 मिलिव्होल्टची, आणि आगाशीतल्या तीस अंशांच्या दुपारी 60 ची. दहाचे शंभर होताना जेवढी पायरी, तेवढीच शंभरचे हजार होताना.

काचेच्या घराण्याची सुरुवात एका शरीरशास्त्रज्ञापासून होते. माक्स क्रेमरला सजीवांच्या पडद्यांवर वीज कशी उमटते याचं कुतूहल. 1906 मध्ये त्याने काचेचा पातळ फुगा करून आत एक द्रव आणि बाहेर दुसरा ठेवला, आणि काचेच्या दोन अंगांमध्ये व्होल्टेज दिसलं. तीन वर्षांनी फ्रिट्झ हाबर आणि झिग्मुंट क्लेमेन्सिएविच यांनी दाखवून दिलं की हे व्होल्टेज द्रवाच्या आम्लतेनुसार, म्हणजे त्यातल्या हायड्रोजन आयनांनुसार, बदलतं. त्याच 1909 मध्ये कोपनहेगनमधल्या कार्ल्सबर्ग या बिअर कारखान्याच्या प्रयोगशाळेत सोरेन्सनने पीएच ही मोजपट्टी दिली. हाबरचा त्या वर्षातला दुसरा पराक्रम अधिक गाजला : हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया. त्यातून पुढे युरिया आला, आणि वाडीत घातलेल्या खतातलं नायट्रेट मुरत मुरत विहिरीत उतरलं. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम, आणि ती तपासायलाही आज आयन मीटर वापरतात. खत आणि खताचा माग काढणारं यंत्र, दोघांचेही धागे एकाच माणसाच्या एकाच वर्षातल्या कामाला जाऊन भिडावेत, हा योगायोग मला मोठा खमंग वाटतो.

काचेची अडचण अशी की तिच्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही. तिचा रोध कोट्यवधी ओहमचा. साधा व्होल्टमापक जोडला तर मोजायच्या आधीच सिग्नल गिळून टाकतो. मॅकइनेस आणि डोल यांनी 1930 च्या सुमारास अधिक चांगली काच शोधली, तरी यंत्र प्रयोगशाळेतल्या जाणत्या हातांपुरतंच राहिलं. कोंडी फुटली ती लिंबांमुळे. कॅलिफोर्नियातल्या फळबागायतदारांच्या सहकारी संघात ग्लेन जोसेफ हा रसायनतज्ज्ञ लिंबाच्या रसाची आम्लता मोजत होता. रसात टिकवणीसाठी सल्फर डायऑक्साइड घातलेलं असे. त्यामुळे लिटमसचा रंग उडे आणि हायड्रोजन इलेक्ट्रोड निकामी होई. काचेचा फुगा जाड, दणकट करावा तर सिग्नल आणखी क्षीण. 1934 मध्ये त्याने आपला जुना मित्र आर्नल्ड बेकमनला गाठलं. बेकमनने रेडिओतल्यासारख्या निर्वात नळ्या वापरून तो क्षीण सिग्नल वाढवला आणि सगळं एका लाकडी पेटीत बसवून दिलं. 195 डॉलर किमतीचं ते आम्लमापक हा आयन मीटरचा सख्खा आजोबा. बागायतदारांची नड नसती तर तो आणखी किती वर्षं रखडला असता कोण जाणे.

पेटी तयार झाली, पण तिला हायड्रोजन आयनाशिवाय काही कळत नव्हतं. काचेत अ‍ॅल्युमिना मिसळली की ती सोडियमकडे झुकते हे हंगेरीच्या लेंग्येल आणि ब्लूम यांनी 1934 मध्येच पाहिलं होतं; जॉर्ज आयझेनमनने 1957 मध्ये त्यातून सोडियमचा खरा इलेक्ट्रोड घडवला. चांदीच्या बाजूने एर्नो पुंगोर पुढे आला, तोही हंगेरीचाच. त्याने 1961 मध्ये सिल्व्हर आयोडाइडचा साका पॅराफिनमध्ये, आणि नंतर सिलिकॉन रबरात, बसवून पडदा केला. आज क्लोराइड इलेक्ट्रोडच्या टोकाला जी काळसर टिकली दिसते ती सिल्व्हर क्लोराइड आणि सिल्व्हर सल्फाइड एकत्र दाबून केलेली असते. मोहरच्या चंचुपात्रात तळाशी बसणारा पदार्थच तिथे घट्ट होऊन बसला आहे.

1966 मध्ये मार्टिन फ्रँट आणि जेम्स रॉस या दोघा अमेरिकनांनी लँथॅनम फ्लोराइडचा स्फटिक वापरून फ्लोराइडचा इलेक्ट्रोड केला, तेव्हा हे यंत्र खऱ्या अर्थाने पाणीवाल्यांचं झालं. आपल्या देशात त्याची गरज फार जुनी होती. नेल्लोर जिल्ह्यात विहिरींच्या पाण्यातल्या फ्लोराइडमुळे हाडं आखडलेली माणसं 1937 मध्ये नोंदली गेली. ती नोंद करणाऱ्यांत चिंतामण गोविंद पंडित होते, जे पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. महाराष्ट्रात यवतमाळ आणि चंद्रपूरच्या गावांत हा त्रास आजही आहे. नागपूरच्या नीरी या संशोधन संस्थेने तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड काढायची नलगोंडा पद्धत बसवली ती 1970 च्या दशकात. पूर्वी फ्लोराइड मोजायचं तर नमुना आधी ऊर्ध्वपातन करून घ्यावा लागे. आता बीकरमध्ये इलेक्ट्रोड बुडवला की काम होतं.

काम होतं खरं, पण त्याआधी मीटरला शिकवावं लागतं. पेटीला क्लोराइड म्हणजे काय ते ठाऊक नाही, तिला फक्त मिलिव्होल्ट दिसतात. शिकवणी अशी. भट्टीत कोरडं केलेलं शुद्ध मीठ 1.648 ग्रॅम तोलून लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवलं की लिटरला 1000 मिलिग्रॅम क्लोराइडचं द्रावण होतं. त्यातलं 10 मिलिलिटर पिपेटने घेऊन 100 चं करायचं, त्यातून पुन्हा तसंच. झाली 1000, 100 आणि 10 ची तीन द्रावणं. बोटाच्या घामात मीठ असतं, तेव्हा बीकरच्या आत बोट जाता कामा नये. प्रत्येक 100 मिलिलिटरमध्ये 2 मिलिलिटर तीव्र सोडियम नायट्रेट घालायचं, म्हणजे सगळ्या द्रावणांचा आयनी जोर सारखा राहतो, नमुन्यातही तेवढंच. दुसऱ्या, म्हणजे संदर्भ इलेक्ट्रोडमध्ये नेहमीचं पोटॅशियम क्लोराइड भरलेलं असेल तर ते झिरपून नमुनाच खारट करतं, म्हणून त्याच्या बाहेरच्या कप्प्यात पोटॅशियम नायट्रेट भरतात. नवशिके हमखास इथेच फसतात. ढवळणी एकसारख्या वेगाने चालू ठेवायची, आणि तिची मोटर तापून बीकर गरम होऊ नये म्हणून मध्ये थर्मोकोलचा तुकडा.

मापन सौम्याकडून तीव्राकडे. इलेक्ट्रोड धुवायचा, टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही. क्लोराइड ऋणभारी, म्हणून प्रमाण वाढेल तसे मिलिव्होल्ट घटतात. दोन द्रावणांमधली घट, म्हणजे स्लोप, 57 आली तर तीस अंशांना ती आदर्श पायरीच्या 95 टक्के झाली, चालेल. 45 आली तर मीटरला दोष न देता आधी टिकली बघावी. सल्फाइड हे तिचं विष. बावखलाच्या तळचा काळा, सडक्या अंड्याच्या वासाचा गाळ तिला लागला की तिच्यावर सल्फाइडचा थर बसतो, मग बारीक पॉलिश पट्टीवर ती उजळावी लागते. कुठलाही इलेक्ट्रोड एकाच आयनाशी पूर्ण इमान राखत नाही. शेजारचे आयन किती लुडबुड करतात याचं समीकरण निकोल्स्कीने 1937 मध्येच लिहून ठेवलं आहे.

पुढे हिशेब. जुन्या मीटरवर मिलिव्होल्ट वाचून अर्धलघुगणकी आलेखकागदावर रेघ ओढत. 1970 च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आले आणि ती रेघ पेटीच्या आत गेली. रेघ दिसेनाशी झाल्याचा तोटाही झाला, कारण डोळ्याला ती समजत होती. समजा, विहिरीच्या नमुन्याचं वाचन 100 च्या द्रावणापेक्षा बरोबर अर्धी पायरी, साडेअठ्ठावीस मिलिव्होल्ट, खाली आलं. सरळ मनाचा माणूस 100 आणि 1000 च्या मध्ये 550 म्हणेल. उत्तर आहे 316. आणि वाचन एका मिलिव्होल्टने चुकलं तर उत्तर चार टक्क्यांनी चुकतं, म्हणून 316.4 असं दशांश चिन्हासकट लिहिणाऱ्याकडे संशयाने बघावं. दर दोन तासांनी 100 चं द्रावण पुन्हा लावून मीटर जागेवर आहे ना, ते तपासायचं. स्क्रीन कितीही चकचकीत झाली तरी हे मिठाचं तोलणं कुणाला टाळता आलेलं नाही.

आगाशीच्या विहिरीचा नमुना घ्यायचा तर एकदा मेअखेरीस, पाणी तळाला गेलेलं असताना, आणि एकदा पाऊस ओसरल्यावर. बाटली त्याच पाण्याने दोनदा विसळून भरावी. क्लोराइड उडून जात नाही, सडत नाही, तेव्हा नमुन्यात औषध घालायची गरज नाही. खारं पाणी जड, म्हणून वरचा आणि तळचा असे दोन वेगळे नमुने घ्यावेत. पंप चालू करण्याआधीचा आणि तासभर चालल्यानंतरचा घेतला तर आणखी बरं, कारण खालून खारं वर ओढलं जातंय का ते त्यातच दिसतं. वहीत तारीख, विहीर, खोली आणि क्लोराइड लिहावं, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशीचा स्लोप.