चरख्याची अट आणि लिनक्सचा इतिहास

वर्ध्याच्या मगनवाडींतील मगन संग्रहालय आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिलें असेल. ३० डिसेंबर १९३८ रोजीं महात्मा गांधींच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. तेथील चरख्यांपुढें घटकाभर उभें राहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. या यंत्रांत झांकून ठेवलेलें असें कांहींच नाहीं. चाक, माळ, चाती हीं सर्व अंगें डोळ्यांसमोर असतात. गांवच्या सुतारानें एक चरखा पाहावा आणि दुसरा तसाच करावा. माळ तुटली तर कातणाऱ्या बाईनें स्वतःच ती बदलावी. कोणाची परवानगी नको, कोणाची वाट पाहणें नको.

आज आमच्या घरोघरीं जीं यंत्रें आलीं आहेत त्यांच्याविषयीं असें म्हणतां येईल काय? विंडोज १० या संगणक-प्रणालीचा नेहमींचा आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविला, आणि नवी प्रणालि ज्यांवर चढत नाहीं असे धडधाकट संगणकही एका दिवसांत म्हातारे ठरले. तेव्हांपासून ओळखीच्या कुटुंबांतून आम्हांस एकच प्रश्न विचारला जातो : हा संगणक भंगारांत घालावा, कीं त्यावर लिनक्स बसवावें? तिकडे मुलांच्या तोंडीं हेंच नांव खेळाच्या निमित्तानें येतें. कारण हातांत धरून खेळावयाचीं कांहीं नवीं यंत्रें लिनक्सवरच चालतात. या नांवामागचा इतिहास निव्वळ तंत्रज्ञांचा नाहीं. त्यांत जो प्रश्न सुटला, किंवा अर्धवट सुटला, तो या वर्धा जिल्ह्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. म्हणून तो येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

१९२९ सालीं अखिल भारत चरखा संघानें सुधारलेल्या चरख्यासाठीं एक लाख रुपयांचें बक्षीस जाहीर केलें. अटी कडक होत्या. यंत्र झोंपडींत हातानें वा पायानें चालावें. स्त्रीला फारसे श्रम न होतां त्यावर आठ तास काम करतां यावें. तितक्या वेळांत सोळा हजार वार सूत निघावें. किंमत दीडशें रुपयांवर जाऊं नये. आणि तें वीस वर्षें टिकावें. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाची अट निराळीच होती. शोधकानें हवें तर पेटंट घ्यावें. पण बक्षीस पाहिजे असेल तर पेटंटचे हक्क संघाच्या स्वाधीन करावे. बुद्धीचें मोल देऊं, पण ती बुद्धि कुलुपांत राहूं देणार नाहीं, असा त्याचा अर्थ. बक्षीस अखेर कोणासही मिळालें नाहीं. विचार मात्र राहिला. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, आणि ऑक्टोबर १९३७ मध्यें येथेंच भरलेल्या शिक्षण परिषदेनें हस्तोद्योगांतून शिक्षण देण्याचा विचार देशापुढें मांडला. मुलानें साधन नुसतें वापरूं नये. तें कां चालतें आणि कसें बिघडतें हें त्यानें हातानें शिकावें, अशी त्यामागची धारणा होती.

हाच प्रश्न पुढें सुमारें पन्नास वर्षांनीं अमेरिकेंतील एका प्रयोगशाळेंत, छपाईयंत्रांत कागद अडकण्यावरून, उभा राहिला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत रिचर्ड स्टॉलमन काम करीत. कागद अडकला कीं लोकांस तशी सूचना जावी, अशी सुधारणा त्यांनीं जुन्या यंत्राच्या आज्ञावलींत केली होती. मग झेरॉक्स कंपनीचें नवें यंत्र आलें. परंतु त्याचा सोर्स कोड, म्हणजे माणसाला वाचतां येईल असें आज्ञावलीचें मूळ लिखाण, आलें नाहीं. ज्याच्याजवळ तें होतें त्यानें गुप्ततेच्या वचनाकडे बोट दाखवून तें देण्याचें नाकारलें. सहकाऱ्याला मदत न करण्याचें वचन देणें हीच मूळ चूक होय, असा बोध स्टॉलमन यांनीं यांतून घेतला. सप्टेंबर १९८३ मध्यें त्यांनीं ग्नू प्रकल्प जाहीर केला, आणि १९८९ मध्यें 'जनरल पब्लिक लायसन्स' हा परवाना सिद्ध केला. आज्ञावली कोणीही वापरावी, वाचावी, बदलावी, वांटावी, विकावी सुद्धां. मात्र ती दुसऱ्यास देतांना तिचें मूळ लिखाण आणि हेच सारे हक्क त्यासही द्यावे. चरखा संघ पेटंट ताब्यांत घेऊन जें साधूं पाहत होता, तें येथें लेखकानें स्वामित्वहक्क न सोडतां, त्यालाच अट जोडून साधलें. एकानें दुसऱ्यापासून हें घेतलें असें आमचें म्हणणें नाहीं. एकच अडचण दोन ठिकाणीं आली आणि दोन्हीकडे उत्तर एकाच दिशेला निघालें, एवढेंच.

ग्नूजवळ अवजारें बहुतेक होतीं. पण त्या सर्वांचा संगणकाच्या अंगोपांगांशीं मेळ घालणारा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो तयार नव्हता. ती उणीव हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें भरून काढली. २५ ऑगस्ट १९९१ रोजीं त्यानें इतर अभ्यासकांस कळविलें कीं आपण एक प्रणालि लिहीत आहों, आणि हा केवळ छंद आहे. आरंभींच्या परवान्यांत त्यानें पैसे घेऊन वांटण्यास मनाई केली होती. १९९२ मध्यें ती मनाई काढून त्यानें स्टॉलमन यांचा परवाना स्वीकारला. आमच्या मतें लिनक्सच्या इतिहासांतील निर्णायक घटना हीच. विक्रीची बंदी उठली म्हणून व्यापारी आले. मूळ लिखाण देण्याची अट राहिली म्हणून व्यापाऱ्यांचें कामही सर्वांच्या पदरांत पडलें.

प्रथम हें सारें पडद्यावर आज्ञा टाइप करणाऱ्यांचें राज्य होतें. १९९६ मध्यें जर्मनींत मथियास एट्रिख यांनीं केडीई, व १९९७ मध्यें मेक्सिकोच्या मिगेल दि इकाझा व फेडेरिको मेना यांनीं ग्नोम हे प्रकल्प आरंभिले. तेव्हां कोठें खिडक्या आणि चित्रें यांनीं सजलेला डेस्कटॉप घरगुती माणसाच्या आटोक्यांत आला. आम्हां मराठी भाषिकांपुढें आणखी एक अडचण होती, ती लिपीची. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तींतच देवनागरीला स्थान मिळालें. परंतु संकेत मिळाला म्हणजे अक्षर नीट उमटतें असें नाहीं. 'आचार्यांस' आणि 'आचाऱ्यांस' यांतला भेद मराठी माणसास पाहतांच कळतो. जोडाक्षरें बसविणाऱ्या आज्ञावलीस तो शिकवावा लागतो. एरव्हीं आचार्यांचा आचारी व्हावयास वेळ लागत नाहीं. इंडलिनक्स प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनीं भारतीय भाषांसाठीं हें काम हातीं घेतलें. रेड हॅट कंपनीनें २००४ मध्यें 'लोहित' टंक मुक्त परवान्यानें खुले केले. आणि सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ मध्यें 'बॉस' ही प्रणालि बाहेर आणली.

तरीही टेबलावरील संगणकांत लिनक्सचा वांटा लहानच राहिला, हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. दुकानांतून संगणक बहुधा विंडोज घालूनच येतो. शिवाय आमच्याकडील कचेऱ्या व छापखाने यांतील पुष्कळ जुना मजकूर युनिकोडपूर्व टंकांत अडकलेला आहे. दुसऱ्या संगणकावर नेला कीं त्याच्या अक्षरांचा काला होतो.

हातांतील यंत्रांचा इतिहास याहून रंजक आहे. बंगळूरच्या सिम्प्युटर ट्रस्टनें २००१ मध्यें हातांत मावणारा, लिनक्सवर चालणारा संगणक लोकांपुढें मांडला. त्याची रचनाही ग्नू परवान्याच्या धर्तीवर खुली ठेवली होती. तो बाजारांत रुजला नाहीं. त्यानंतर 'प्रत्येक मुलास एक लॅपटॉप' या चळवळीचें एक्स-ओ नांवाचें यंत्र आलें. भारताच्या शिक्षण खात्यानें २००६ मध्यें त्यास नकार दिला. तरी २००७ सालीं, म्हणजे वर्ध्याच्या परिषदेनंतर बरोबर सत्तर वर्षांनीं, रायगड जिल्ह्यांत कर्जतजवळच्या खैरात येथील एकशिक्षकी शाळेंत तें मुलांच्या हातीं पडलें. या यंत्राचा पडदा फिरवून कळफलकावर निजवला कीं त्याचें हातांत धरून खेळावयाचें यंत्र होई. पडद्याच्या एका बाजूस दिशा दाखविणारी कळ, दुसऱ्या बाजूस चार बटणें. आणि चालू आज्ञावलीचें मूळ लिखाण पाहण्यासाठीं कळफलकावर एक स्वतंत्र कळ राखलेली होती. खेळतां खेळतां खेळ उघडून पाहावा, अशी ती कल्पना. चळवळ आमच्या देशांत फोफावली नाहीं. पण त्या एका कळीइतकें नयी तालीमच्या जवळ जाणारें दुसरें कांहीं संगणकाच्या इतिहासांत आम्हांस आढळलें नाहीं.

फेब्रुवारी २०२२ मध्यें व्हॉल्व्ह कंपनीनें स्टीम डेक विकावयास काढलें, तेव्हां लिनक्स खऱ्या अर्थानें खेळणाऱ्यांच्या हातीं गेलें. विंडोजसाठीं लिहिलेले खेळ लिनक्सवर चालविण्याची खटपट 'वाइन' या प्रकल्पानें १९९३ पासून चालविली होती. तिच्यावरच २०१८ मध्यें कंपनीनें 'प्रोटॉन' उभारलें. पंचवीस वर्षांच्या स्वयंसेवेचें हें फळ होय. यंत्रावरील एक पर्याय निवडला कीं खेळ बाजूस सरून तोच १९९६ चा केडीई डेस्कटॉप, आतां प्रौढ झालेला, समोर येतो. सुटे भाग विकत मिळण्याची सोय झाली आणि बाह्य कवचाचे आराखडेही खुले करण्यांत आले.

येथें समाधान मानावें काय? तसें नाहीं. स्टीम डेकची प्रणालि पुष्कळशी खुली असली तरी त्यावरील बहुतेक खेळ बंदच असतात. आमच्या खिशांतील अँड्रॉइड मोबाइलचा गाभाही लिनक्सचाच; परंतु पुष्कळ मोबाइल असे कुलूपबंद असतात कीं मालकास त्यांवर दुसरी प्रणालि बसवितां येत नाहीं. लिखाण वाचावयास मोकळें, पण बदललेलें लिखाण यंत्र स्वीकारीत नाहीं. चरखा उघडा, पण त्याची माळ बदलूं द्यावयाची नाहीं, अशांतला हा प्रकार. ग्नू परवान्याच्या २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीनें ही पळवाट बुजविण्याचा यत्न केला. टॉरव्हाल्ड्स यांनीं लिनक्ससाठीं दुसरीच आवृत्ति कायम ठेवली. आपण लिखाणाच्या मोबदल्यांत लिखाण मागतों, यंत्र कसें असावें हें सांगत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. तें सुसंगत आहे. परंतु वर्ध्याच्या दृष्टीनें पाहतां तें अपुरें आहे, असें आम्हांस वाटतें.

आमच्याच घरांतील एक जुना संगणक आम्हीं गेल्या हिंवाळ्यांत लिनक्सवर आणला. पेन ड्राइव्हवरून तो चालू करून पाहिला. पहिल्या दिवशीं वायफाय लागेना. शेवटीं मोबाइल तारेनें जोडून आवश्यक आज्ञावली उतरवून घेतली. दोन संध्याकाळी गेल्या. आवडीचा एक ऑनलाइन खेळ त्यावर चालत नाहीं म्हणून मुलगा थोडा रुसला, कारण फसवणूक रोखण्याची त्या खेळाची व्यवस्था लिनक्सला दारांत उभें करीत नाहीं. पण वायफाय कां लागत नव्हतें हें आज तोच शेजाऱ्यांस समजावून सांगतो, आणि गेल्या आठवड्यांत त्यांचाही संगणक त्यानें उघडला आहे. जुनें यंत्र टाकण्यापूर्वीं वाचकांनीं एवढा प्रयोग अवश्य करून पाहावा. आणि मुलासाठीं नवें यंत्र घेतांना किंमतीबरोबर आणखी एक प्रश्न दुकानदारास विचारावा : हें आम्हांस उघडतां येईल काय?