गणेशखिंडीतील गोळ्या आणि छापखान्यातील भीती

२२ जून १८९७ च्या रात्री पुण्याजवळ गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड व आयर्स्ट या दोघा गोऱ्या अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, ही हकीकत मराठी वाचकांस नव्याने सांगावयास नको. चापेकर बंधूंची कथा आपण सर्वांनीच शाळेत वाचली आहे. मात्र ती वाचताना आपली दृष्टी पिस्तुलावरच खिळून राहते. पिस्तुलाचा आवाज विरल्यावर छापखान्यांतून जो आवाज उठला, त्याकडे फारसे कोणी पाहत नाही. अत्याचाराची भीती लोकांत कोण पसरवितो, अत्याचारी की त्याची बातमी, हा प्रश्न आजचे संशोधक मोठ्या हिरिरीने विचारीत असतात. त्याचा विचार करावयास त्या एका वर्षाचे पुणे आम्हांस पुरेसे वाटते.

भीती त्या रात्री जन्मली नव्हती. १८९६ मध्ये मुंबईस आलेला प्लेग पुण्यात शिरला, साथीच्या रोगांचा कायदा फेब्रुवारी १८९७ मध्ये झाला, आणि रँडसाहेबांच्या कमिटीच्या हाताखाली गोरे सोल्जर घरोघर झडतीस निघाले. आजाऱ्यास ओढून नेणे, चीजवस्तू जाळणे, देवघरापर्यंत बूट घालून जाणे, बायकांस परक्यांसमोर तपासणीस उभे करणे, या गोष्टींनी शहर गांजून गेले. प्लेगपेक्षा झडतीची धास्ती मोठी झाली. केसरीने तपासणीच्या या रीतीवर कडक टीका केली; त्याचबरोबर टिळकांनी हिंदूंकरिता प्लेगचे खाजगी रुग्णालयही चालविले, हे विसरता कामा नये. गाऱ्हाणे मांडावयास दुसरे दार उघडे नसले म्हणजे वर्तमानपत्र हेच दार होते, आणि तेथे खऱ्या गाऱ्हाण्याबरोबर ऐकीव गोष्टही आत शिरते.

ऐकीव गोष्टीचे मोल काय पडते, याचा दाखला गोपाळराव गोखल्यांच्या चरित्रात आहे. ते वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्याकरिता विलायतेस गेले असता, पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारावर, सोल्जरांनी दोन स्त्रियांची अब्रू घेतली व त्यांपैकी एकीने जीव दिला, अशी हकीकत त्यांनी मँचेस्टर गार्डियनच्या द्वारे प्रसिद्ध केली. सरकारने पुरावा मागितला. परत आल्यावर ज्यांनी पत्रे लिहिली होती त्यांपैकी कोणीही पुढे येईना, तेव्हा गोखल्यांनी उघड माफी मागितली. त्यांच्या या माफीबद्दल त्या काळी त्यांना स्वजनांकडूनच पुष्कळ ऐकून घ्यावे लागले. आमच्या मते गोखल्यांनी केले तेच सरळ होते. पण झडतीतील जुलमाच्या ज्या गोष्टी खऱ्या होत्या, त्यांवरही या एका माफीने पडदा पडला, हे त्यातील दुःख.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. ती रात्र व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाची होती. साम्राज्यातील साऱ्या वर्तमानपत्रांचे रकाने त्या दिवशी एकाच विषयाने भरलेले, आणि त्याच दिवशी ही तार विलायतेस गेली. आयर्स्ट जागीच मेला. रँड ३ जुलैस रुग्णालयात मेला. खुनी कोण, हे मात्र ऑक्टोबरपर्यंत कोणास ठाऊक नव्हते. ही साडेतीन महिन्यांची पोकळीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. टाइम्स ऑफ इंडिया व त्याच्या जातीची इतर अँग्लो-इंडियन पत्रे यांनी ती तर्काने भरून काढली. पुण्याच्या ब्राह्मणांचा व्यापक कट आहे आणि केसरीचे लेख ही त्याची ठिणगी आहे, असा तो तर्क. १८५७ ला तेव्हा अवघी ४० वर्षे झाली होती, म्हणून गोऱ्या वाचकांस तो पटावयास उशीर लागला नाही.

पोकळीत भीती कशी वाढते, हे आता मोजूनही पाहिले गेले आहे. २०१३ मध्ये अमेरिकेतील बॉस्टनच्या मॅरेथॉनमध्ये बॉम्बस्फोट झाले, तेव्हा संशोधकांनी ४,६७५ लोकांची पाहणी केली. पुढील आठवड्यात ज्यांनी रोज ६ तास वा अधिक त्या बातम्या पाहिल्या, त्यांच्यात मानसिक ताणाची लक्षणे प्रत्यक्ष स्फोटाच्या जागी असलेल्यांपेक्षाही अधिक आढळली! आणि आमच्या मुंबईने २००८ च्या नोव्हेंबरात तर याहून वाईट पाहिले: दूरचित्रवाणीवर थेट दिसणारी पोलिसांची हालचाल सीमेपलीकडे बसलेले सूत्रधारही पाहत होते. २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने वाहिन्यांस त्याबद्दल कडक शब्द सुनावले, आणि २०१५ मध्ये अशा कारवाईचे थेट प्रक्षेपण नियमाने बंद झाले. १८९७ ची तार त्या मानाने गोगलगाय. पण तिच्या पाठीमागून येणारा तर्क मात्र तितकाच चपळ होता.

त्या तर्काची किंमत तिऱ्हाइतांनी दिली. पुण्यावर जादा पोलीस बसविण्यात आले. नातू बंधूंस १८२७ च्या रेग्युलेशनखाली चौकशीवाचून अटकेत ठेवले. २७ जुलैस टिळकांस मुंबईत पकडले. त्यांच्यावर खुनाचा आरोप नव्हता, होता तो राजद्रोहाचा; परंतु १५ जूनच्या अंकातील शिवाजी-उत्सवाचा मजकूर व २२ जूनच्या गोळ्या यांमधले सात दिवसांचे अंतर ज्यूरीच्या डोळ्यांपुढून हटले असेल, असे मानणे कठीण. सहा युरोपियन ज्यूरर एकीकडे, तीन हिंदी दुसरीकडे. शिक्षा १८ महिने सक्तमजुरीची.

मग ऑक्टोबरात दामोदर चापेकराने कबुली दिली. त्याच्या स्वतःच्या कथनाप्रमाणे, मुंबईतील राणीच्या पुतळ्यास डांबर फासण्याचा उद्योग त्याने १८९६ मध्येच केला होता, म्हणजे रँड पुण्यास येण्याच्याही आधी. तो शिवाजी-उत्सवात श्लोक म्हणत असे हे खरे, आणि ते लपविण्यात अर्थ नाही. पण १५ जूनच्या लेखाने त्याच्या हाती पिस्तूल दिले, असे त्यातून निघत नाही. तरीही, पुढे १९१८ मध्ये रौलट कमिटीने आपला अहवाल लिहिला तेव्हा उत्सव, लेख व खून यांची तीच माळ पहिल्याच प्रकरणात गुंफली. वर्तमानपत्रातील तर्क २१ वर्षांत सरकारी इतिहास झाला.

टिळकांच्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी अप्रीती म्हणजे केवळ प्रीतीचा अभाव, असा अर्थ ज्यूरीस सांगितला होता. तो अर्थ पुष्कळांस हास्यास्पद वाटला. परंतु १८९८ मध्ये सरकारने १२४-अ हे कलम दुरुस्त केले, ते अधिक व्यापक करून. टिळक त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुटून आले. कलम मात्र, ज्यांच्या घबराटीतून ते रुंदावले गेले ते राज्यकर्ते निघून गेल्यावरही, भारतीय दंडसंहितेबरोबर ३० जून २०२४ पर्यंत पुस्तकात राहिले.